ओहोटीचा तास

हरिहरेश्वरच्या खडकांजवळ चित्र काढायला बसायचं, तर आधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहावी लागते. भरतीची वेळ काढायची कोकणात एक जुनी, तोंडी चालत आलेली रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती पहाटे पावणेचारच्या आसपास आणि पुन्हा दुपारी चारनंतर. दोन्हींच्या मधोमध, सकाळी दहाच्या सुमाराला, ओहोटी. पौर्णिमेला हाच हिशोब सव्वाअकरावर येतो आणि समुद्र मागे हटतो तो संध्याकाळी साडेपाचला. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. हिशोब ढोबळ आहे, थोडा मागेपुढे होतो. पण पावकी-निमकी-पाऊणकी पाठ करायचे दिवस सरले असताना आठ वर्षांच्या मुलाला पाऊणकीची खरी गरज इथे पडते, कारण खडक उघडा सापडणार की पाण्याखाली, हे त्या उत्तरावर ठरतं.

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या आश्रयाला देऊळ, दोन्ही अंगांना पुळण, खाडीपलीकडे बाणकोट. देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडी चढते, दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरते आणि एकदम समुद्राच्या पातळीला येते. तिथे लाटांनी हजारो वर्षं कापून काढलेला खडकाचा सपाट ओटा आहे आणि मागच्या कड्यावर खळग्यांची दाट जाळी. या जाळीमागे समुद्राचं मीठ आहे. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून कण कण सुटा करतात. भूगोलाच्या पुस्तकात चौकोनात छापलेली आकृती इथे हाताने चाचपता येते.

ज्यांची मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात आणि ज्यांना स्वतःला चित्र काढता येत नाही, अशा आईबाबांसाठी पुढची पानं आहेत. मुलांना जलरंग कसे शिकवावेत, हा त्यांचा विषय नाही. मुलांच्या शेजारी बसून स्वतः जलरंग कसे शिकावेत, हा आहे. दोन्हींत मोठं अंतर आहे आणि या प्रस्तावनेचा बराचसा भाग त्या अंतराबद्दलच आहे.

घरी शिकवणाऱ्या पालकाची एक अडचण सहसा बोलली जात नाही. गणित, मराठी, इतिहास, विज्ञान यांतलं पाचवी-सहावीपर्यंतचं जवळजवळ सगळं त्याला येत असतं. त्यामुळे घरात शिकणारा नेहमी मूलच असतं आणि माहीत असलेला नेहमी मोठा माणूस. मूल आईला स्वयंपाक करताना पाहतं, हिशोब लिहिताना पाहतं, मोबाइलवर बोलताना पाहतं; पण एखादी गोष्ट येत नसताना ती शिकणारी आई त्याला क्वचितच दिसते. अडखळल्यावर मोठी माणसं काय करतात, चिडतात की थांबतात, पुन्हा पहिल्यापासून कशी लागतात, हे त्याने कुठे पाहावं? शाळेत जाणाऱ्या मुलाला निदान वर्गातली चाळीस मुलं अडखळताना दिसतात. घरी शिकणाऱ्याला भावंडं सोडली तर कोणीच नाही.

ही उणीव भरून काढायला जलरंगांइतकं चांगलं साधन दुसरं क्वचितच सापडेल, कारण इथे वयाचा फायदा जवळजवळ शून्य आहे. पेन्सिलीने रेघ मारायची तर मोठ्याचा हात स्थिर असतो. मातीकामात मोठ्याची ताकद उपयोगी पडते. जलरंगात मात्र सगळा कारभार पाण्याच्या हाती. ब्रशमध्ये किती पाणी आहे, कागद किती ओला आहे आणि पुढचा फटकारा केव्हा द्यायचा, या तीन गोष्टींचा अंदाज सरावानेच येतो, आणि चाळिशीच्या बाबांचा सराव सात वर्षांच्या मुलीइतकाच असतो. उलट मुलीला चित्र बिघडण्याची भीती कमी असल्यामुळे ती पुष्कळदा पुढे निघून जाते.

मराठी घरांत ही भीती कुठून आली, तेही पाहायला हवं. आज पस्तीस ते पन्नास या वयात असलेल्या अनेकांचा जलरंगांशी शेवटचा संबंध एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपुरता आला. समोर घडा, ठोकळा, एखादं फळ, वर घड्याळ, मग स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत चित्रकला जिवंत ठेवली, हे त्यांचं मोठं काम आहे आणि कितीतरी चित्रकारांची पहिली पायरी तीच होती. पण ज्यांना ‘क’ श्रेणी मिळाली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी रंगपेटी माळ्यावर टाकली आणि ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य कायमचं धरून ठेवलं. पुढे मुलासाठी आणलेली नवी पेटी त्यांनी मुलापुढे सरकवली आणि स्वतः बाजूला झाले.

कायद्याचं दोन वाक्यांत. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. घरशिक्षणाला त्यात वेगळी मान्यता नाही आणि त्यावर नाव घेऊन बंदीही नाही, त्यामुळे घरी शिकणारी बहुतेक मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसतात. या संस्थेत दहावीच्या पातळीवर चित्रकला हा विषय घेता येतो.

शाळेबाहेरच्या शिकण्याचं शेजारच्या गोव्यातलं एक उदाहरण जुनं आहे आणि अजून वाचण्यासारखं आहे. १९९५ मध्ये राहुल अल्वारिस या मुलाने दहावीनंतर कॉलेजात न जाता एक वर्ष मोकळं घेतलं. मासे, कोळी, गांडुळं, साप अशा आपल्या आवडीच्या गोष्टी त्या-त्या कामातल्या माणसांजवळ राहून तो शिकला. पुण्याच्या सर्पोद्यानात राहिला, चेन्नईजवळच्या मगरींच्या केंद्रात राहिला. त्या वर्षावर त्याने लिहिलेलं ‘फ्री फ्रॉम स्कूल’ हे पुस्तक म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने काढलं. त्या पुस्तकात वर्ग भरवून शिकवणारे फार थोडे भेटतात. बहुतेक जण आपापलं काम करत असतात आणि मुलगा शेजारी असतो.

महाराष्ट्रातल्या जलरंगांचा इतिहास पाहिला, तर त्यातही ही शेजारी बसण्याची परंपरा ठळक दिसते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ मध्ये सावंतवाडीला जन्मले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली. जलरंगातली चूक झाकता येत नाही, म्हणून व्यक्तिचित्रासाठी हे माध्यम अवघड समजलं जातं. हळदणकरांचं सगळ्यांत गाजलेलं चित्र नेमकं याच माध्यमात आहे. हातात दिवा धरलेली, तळव्याने ज्योतीला आडोसा करणारी तरुणी. चेहऱ्यावरचा उजेड आणि बोटांमधून झिरपणारा लालसर प्रकाश पाहून म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लोक आजही थबकतात आणि अनेक जण ते चित्र राजा रविवर्म्यांचं समजतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारले; हे चित्र १९४५-४६चं. दिवा धरून उभी राहिलेली ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता, पुढे गीता उपळेकर. त्यांचे चिरंजीव गजानन हळदणकर यांनीही जलरंगांतच नाव कमावलं. घरातल्या माणसांना समोर बसवून, घरातल्याच उजेडात बाप रंग लावतो आणि मुलं ते रोज पाहतात, अशा घरात जलरंग वेगळे ‘शिकवावे’ लागले नसतील.

पुण्याच्या मिलिंद मुळीक यांची गोष्ट तर आपल्या काळातली. वडील प्रताप मुळीक ‘अमर चित्र कथा’चे नामवंत चित्रकार. मुलाने पदवी घेतली इंजिनिअरिंगची. रंगांचं शिक्षण घरात, वडिलांच्या टेबलाजवळ झालं. आज जलरंग शिकू पाहणारा मराठी माणूस पहिल्यांदा ज्यांची पुस्तकं विकत घेतो, ते मुळीकच. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या पुस्तकांत एकच दृश्य टप्प्याटप्प्याने उभं राहताना दिसतं. कागद कुठे कोरा सोडला, कुठे ओल्यावर ओला रंग टाकला, गडद छटा शेवटी कुठे आली, हे क्रमाने कळतं. घरी शिकणाऱ्या आई-मुलाला अशी पुस्तकं सोबत ठेवता येतात. मात्र नजर समुद्रावर आणि पुस्तक पिशवीत, हा क्रम बरा. पुस्तकातल्या नारळाच्या झाडाची नक्कल करत बसलेल्या मुलाला समोरचं झाड दिसेनासं होतं.

हा इतिहास आणखी मागे नेला, तर तो हरिहरेश्वरच्या अंगणात येऊन पोचतो. हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत आणि पेशवे बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनच्या भट घराण्यातले. याच घराण्यातल्या सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९०च्या दशकात, पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सहवासात गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार पाश्चात्त्य धर्तीचं रेखाटन शिकला. वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याची त्याची चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुढे १८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन याने झाडापानांची जलरंगचित्रं करवून घेतली. ती एडिंबरोला जपून ठेवली आहेत; ती काढणाऱ्या हाताचं नाव मात्र कोणी नोंदवून ठेवलं नाही. मुंबईत जे. जे. सुरू झालं ते १८५७ मध्ये. म्हणजे आपल्याकडे ही रंगांची पेटी आधी आली ती पाहिलेलं नोंदवण्यासाठी. प्रदर्शन, बक्षीस, श्रेणी या गोष्टी मागाहून आल्या. घरी शिकणाऱ्या कुटुंबाला ही पहिली वाट अधिक सोयीची आहे: आज काय पाहिलं ते आज रंगवायचं आणि खाली तारीख घालायची.

तारखेचं महत्त्व श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं आणि रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या इथल्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं तरी जातात. अशा पुन्हा लावलेल्या वाडीचं चित्र एखाद्या घराने दरवर्षी एकाच जागेवरून काढलं, तर पोफळी किती वर आल्या, सावली कुठवर पसरली, मधल्या रिकाम्या जागेत केळी केव्हा आल्या, हे सगळं त्या कागदांवर राहील. फोटोतही राहील, अर्थात. पण फोटो काढायला क्षण पुरतो आणि चित्र काढायला त्या वाडीत तासभर बसावं लागतं. त्या तासात आजोबा दोन गोष्टी सांगतात.

आता प्रत्यक्ष रंगांकडे.

जलरंग म्हणजे बारीक दळलेलं रंगद्रव्य आणि ते बांधून ठेवणारा अरबी डिंक. हा डिंक बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा. रंग मऊ राहावा म्हणून त्यात ग्लिसरिन किंवा मध घालतात. पाणी रंगाचे कण वाहून नेतं, कागदावर सोडतं आणि स्वतः उडून जातं. पारदर्शक जलरंगांत पांढऱ्यासाठी कागदच वापरतात, म्हणून लाटेचा फेस ‘काढता’ येत नाही. तो राखावा लागतो. आधी फिकट, मग गडद. वाळल्यावर प्रत्येक छटा थोडी उतरते, हेही सुरुवातीला फार फसवतं. अर्धवट वाळलेल्या भागावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की आतला रंग बाहेर ढकलला जातो आणि वेड्यावाकड्या कडेचा डाग उठतो. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या आभाळात हा डाग येतो. आईच्या आभाळात तो आला आणि तिने कागद न फाडता पुढे काम चालू ठेवलं, तर मुलाला जे कळतं ते सांगून कळलं नसतं.

समुद्राकाठी या माध्यमाचे काही खास नियम लागू होतात. हवा दमट असल्यामुळे रंग सावकाश वाळतो. पुण्यात माघातल्या कोरड्या दुपारी पातळ रंगाचा जो थर बघता बघता वाळतो, तो इथे सावलीत बराच वेळ ओला राहतो. घाई करणाऱ्याला हा त्रास वाटतो. नवख्याला ही सवलत आहे, कारण ओल्यावर ओला रंग टाकून आभाळ आणि क्षितिज एकमेकांत मिसळायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. पावसाळ्यात मात्र कागदाला बुरशी येते, त्याची खळ जाते आणि मग रंग लावला की टिपकागदासारखा आत शोषला जातो. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवणं एवढाच त्यावर इलाज.

इथल्या खडकाचा रंग कुठल्याही पेटीत तयार मिळत नाही. दुरून तो काळा दिसतो. जवळ गेल्यावर त्यात जांभळट, तांबूस, गंजासारखा, ओल असेल तिथे निळसर असे कितीतरी रंग असतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजलेल्या मातीचा तांबूस रंग, हे दोनच रंग निरनिराळ्या प्रमाणांत मिसळले, तर ती सगळी रांग मिळते. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि रंग दाणेदार दिसतो; खरखरीत कागदावर हे जास्त खुलतं आणि खडकाचा पोत आपोआप उतरतो. ओल्या रंगावर मिठाचे खडे टाकले, तर ते भोवतालचं पाणी ओढून घेतात आणि वाळल्यावर फिकट चांदण्या उरतात. कड्यावरची जाळी कोरणारं मीठ ते हेच, हे मुलांना सांगून टाकावं. मग रसायन कुठे संपलं आणि चित्रकला कुठे सुरू झाली, याचा हिशोब ठेवायची गरज नाही. दुपारच्या चमकत्या पाण्यासाठी ब्रश जवळजवळ कोरडा करून खरखरीत कागदावरून आडवा, हलका ओढायचा. कागदाचे उंचवटे रंग घेतात, खळगे कोरे राहतात आणि पाणी चमकू लागतं.

आणि समुद्र निळाच रंगवायचा, हा हट्ट सोडून द्यावा लागतो. आषाढात सावित्री सह्याद्रीची माती घेऊन येते तेव्हा मुखाजवळचं पाणी गेरू कालवल्यासारखं होतं. मार्गशीर्षात सकाळी ते हिरवट, संध्याकाळी शिसवी. घरी शिकणाऱ्या मुलांना वर्षभर एकाच जागी परत परत जाता येतं, ही त्यांची चैन आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस आलेल्या मुलाला एकच समुद्र भेटतो.

इथे मुलांच्या वयाचा विचार करणं भाग आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ओला कागद, तीन रंग आणि मोठा ब्रश पुरतो. एक रंग दुसऱ्यात शिरताना पाहण्यातच त्याचा वेळ जातो. रुडॉल्फ स्टाइनर यांच्या परंपरेतल्या शाळांत लहानांना असंच ओल्या कागदावर रंगवू देतात. खरी अवघड वेळ येते ती नवव्या वर्षाच्या पुढे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले आणि साधारण नऊ ते बारा या वयात मुलाला चित्र ‘खऱ्यासारखं’ हवंसं वाटू लागतं, असं दाखवलं. डोळा पुढे जातो, हात मागे राहतो. या वयात अनेक मुलं चित्र काढणं कायमचं सोडतात किंवा एका ठरलेल्या चित्रावर येऊन थांबतात. ते चित्र सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, नारळ, वळणाची नदी. समुद्रकाठची मुलंही हेच काढतात. वास्तविक हरिहरेश्वरला सूर्य डोंगराआडून वर येतो तेव्हा आपली पाठ समुद्राकडे असते, आणि मावळतो तेव्हा समोर एकही डोंगर नसतो. एवढी एक गोष्ट मुलाने स्वतः पाहिली, तरी ते पाठ चित्र मोडायला सुरुवात होते.

अशा वेळी पालकाने काय करावं, तर स्वतःचा कागद घ्यावा. मुलाच्या कागदावर आपला ब्रश कधीच नेऊ नये. ‘थांब, मी जरा नीट करून देते’ या एका वाक्याने जेवढं नुकसान होतं, तेवढं वाईट रंगांनी आणि स्वस्त कागदाने मिळूनही होत नाही. मुलाने विचारलं तर आपल्या कागदावर करून दाखवावं. नाही विचारलं तर गप्प बसून आपलं आभाळ रंगवावं.

शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंना हे फार पूर्वी उमगलं होतं. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी त्यांनी मोठं काम उभं केलं आणि १८९२ मध्ये अँबलसाइड इथे प्रशिक्षणाची संस्था काढली. मुलांनी फिरायला जावं, दिसलेलं फूल, पान, किडा कोरड्या ब्रशच्या जलरंगाने वहीत उतरवावा, असा त्यांचा आग्रह. आणि संस्थेत शिकणाऱ्या होतकरू शिक्षिकांनाही स्वतःची निसर्गवही ठेवावी लागे. जगभरची घरी शिकणारी कुटुंबं आज ही वही चालवतात. त्याच अँबलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात बिअट्रिक्स पॉटर यांनी काढलेली अळंब्यांची जलरंगचित्रं आहेत. ‘पीटर रॅबिट’च्या या लेखिका कधी शाळेत गेल्या नव्हत्या; घरीच शिकल्या आणि धाकट्या भावाबरोबर घरात आणलेले ससे, बेडूक, वटवाघळं रंगवत मोठ्या झाल्या.

आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला देवीप्रसाद यांनी हेच वेगळ्या मार्गाने केलं. शांतिनिकेतनात शिकलेले हे चित्रकार १९४४ मध्ये गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि पुढे अनेक वर्षं तिथे राहिले. सूतकताई, शेती, सफाई या रोजच्या कामांत चित्र मिसळून गेलेलं असावं, असा त्यांचा प्रयत्न होता; कलेला शिक्षणाचा पाया मानणारं त्यांचं पुस्तक त्या अनुभवातून आलं. घरी शिकवणाऱ्यांनी ते जरूर मिळवावं.

कोकणचा किनारा आणि जलरंग म्हटलं की प्र. अ. धोंड यांचं नाव आलंच पाहिजे. रत्नागिरीत १९०८ मध्ये जन्मलेले धोंड मास्तर पुढे जे. जे.चे अधिष्ठाता झाले, पण त्यांच्या कागदावर कोकण कायम राहिलं. ओली वाळू, दोन होड्या, लांबवर गेलेली पाण्याची रेघ, आणि बाकी कागद जवळजवळ मोकळा. थोड्या फटकाऱ्यांत, भरपूर पाण्यात, झपाट्याने केलेली ही चित्रं पाहिली की नवख्याला दोन गोष्टी कळतात: समुद्राला फार तपशील लागत नाही, आणि थांबावं कुठे हे ठरवणं हीच यातली सगळ्यांत कठीण गोष्ट. ‘रापण’ हे त्यांचं आठवणींचं पुस्तक मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्याजोगं आहे.

साहित्याबद्दल एकच आग्रह: पैसे आधी कागदावर खर्च करावेत. शाळेच्या चित्रकला वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, रंग खळग्यात साचतो आणि दोष हाताला लावला जातो. ३०० ग्रॅमचा सुती कागद लहान तुकड्यांत कापून घेतला तर परवडतो. पाठीमागची बाजूही वापरता येते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, तिथले जाड कागद घेऊन पाहावेत. मुलांना कागद बनताना पाहायला मिळाला तर आणखी चांगलं. रंगांचं म्हणाल, तर दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या वड्यांची पेटी बहुतेक मराठी घरांत सापडते आणि लहानग्याला ती पुरते. मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी ट्यूबमधले पाच-सहा रंग पुरेत. गोल ब्रश दोन, एक जाड, एक मध्यम. पाण्यासाठी दोन भांडी: एक धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं.

आणि जागेबद्दल. प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडकाचा ओटा निसरडा आहे आणि लाट अचानक वर येते. तिथे माणसं वाहून गेली आहेत. मुलांना घेऊन ओट्यावर चित्राला बसू नये. ओहोटीत तिथवर जावं, पाहावं, पेन्सिलीने चार रेघा टिपाव्यात आणि रंगवायला वर किंवा पुळणीवरच्या सुरूच्या सावलीत यावं. पावसाळ्यात तर ती वाट टाळावीच. बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत बसलेल्यांनाही चित्राला भरपूर विषय मिळतात: पलीकडचा वेसवीचा किनारा, खाडीतल्या होड्या, गाड्या घेऊन वळणारी बोट. पुळणीवर इवलेसे खेकडे वाळूच्या गोळ्यांची जी नक्षी मांडतात, ती तर बसल्या जागेवरून रंगवता येते, पुढची भरती येईपर्यंत.

पुढच्या धड्यांतला पहिला धडा राखाडी रंगाचा आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, एक ब्रश, प्रत्येकाचा आपला कागद. डावीकडे निळसर राखाडी, उजवीकडे तांबूस, मधे जितक्या छटा जमतील तितक्या, प्रत्येक छटेचा एक चौकोन. पट्टी वाळली की ती खडकापाशी न्यायची, कोरड्या आणि ओल्या दगडाला लावून पाहायची आणि कुठला चौकोन कुठे जुळला, ते पेन्सिलीने खाली लिहायचं. घरातल्या दोघांच्या पट्ट्या सारख्या येणार नाहीत. दोन्ही जपून ठेवाव्यात. दुसऱ्या धड्यात त्या लागतात.